आमच्या पावसात सोलार

आमच्या भागात 'सोलार' म्हटलं की लोक आधी आभाळाकडं बघतात आणि मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडं. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या रस्त्यानं ज्यांनी पावसाळ्यात एकदा तरी प्रवास केलाय, त्यांना याचं कारण सांगायला नको. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला सरकलं की तोच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. मृग लागला की शाळेचे कपडे चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळतात. तरणा पाऊस गेला की म्हातारा येतो, म्हातारा गेला की आश्लेषा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो असं आपण शाळेत शिकलो. आमच्याकडं ऊन त्या खेळात भागच घेत नाही.

तर अशा गावात गेल्या वर्षी काजूच्या हंगामात एक तरुण टॅब घेऊन आला. छतावर तीन किलोवॉटचं सोलार बसवा म्हणाला. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तिची सगळी माहिती त्याला पाठ होती. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे एकूण ७८,००० अनुदान. बाकीचे एक लाख दहा-बारा हजार आपण घालायचे. "काका, बिल एकदम शून्य," असं म्हणून त्यानं टॅब बाबांपुढं धरला.

बाबा म्हणाले, "ते आत्ता बी शून्यच हाय की."

हे खरं होतं. कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती योजना आहे. आपला पूर्वीचा सरासरी वापर आणि वर थोडी सवलत, एवढी वीज २०० युनिटच्या मर्यादेत फुकट. आमच्या घराचा वापर महिन्याला साठ युनिटसुद्धा नाही. चार दिवे, एक पंखा, एक टीव्ही, आणि आईचा मिक्सर, तोही चटणी पाट्यावर वाटायचा कंटाळा आला तरच. त्या पोरानं मात्र हार मानली नाही. म्हणाला, "काका, फुकट योजना काय जन्मभर चालत्यात काय? सोलार पंचवीस वर्षं चालतंय." खोटं बोलत होता असंही म्हणता येत नाही. बाबा विचारात पडले.

बाबांजवळ तेव्हा नेमके एक लाख दहा हजार होते. दोन हंगामांच्या काजूचे आणि एक म्हैस विकलेली, तिचे. धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालायचं म्हणून ते बँकेत ठेवले होते. त्या पैशांकडं बाबांचं लक्ष गेलेलं मला दिसलं आणि आईलाही. आईनं काहीच न बोलता चहाचे कप उचलले. रात्री बाबा मला म्हणाले, "तू फिजिक्सवाली न्हवं? मग कर की हिशेब."

आता कॉलेजसाठी मी बेळगावात मामांकडं राहते, आणि मामांच्या गच्चीवर तीनच किलोवॉटचं सोलार आहे. त्याचा रोजचा आकडा मोबाईलवर दिसतो. मामांनी तो पहिले आठ दिवस बघितला, नंतर सोडून दिला. मी मात्र तो रोज रात्री वहीत उतरवत होते. आधी उगीच गंमत म्हणून आणि नंतर सवय लागली म्हणून. ती वही कामाला आली.

वहीतली पहिली गोष्ट मलाच चमकवून गेली होती. सगळ्यात जास्त वीज मे महिन्यात झाली असेल असं कुणालाही वाटेल, पण फेब्रुवारी पुढं होता. थंड वारा आणि स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी तेरा-चौदा युनिट, आणि मेच्या रणरणत्या दुपारी त्याहून कमी. याचं कारण आपल्याच डोक्यातला एक गोंधळ आहे. आपल्याकडं सोलार म्हणजे आधी आला तो गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब. त्याला ऊब लागते. वीज करणाऱ्या पॅनेलला ऊब नको असते, उजेड पाहिजे असतो. पॅनेलवर छापलेले वॉट मोजलेले असतात ते त्याचं तापमान २५ अंश असताना. पुढं प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के ताकद कमी होते. मेमध्ये गच्चीवरचं पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलं की बारा-तेरा टक्के तिथंच गेले. त्यामुळं 'कडक ऊन पडतं तिथंच सोलार' हे जेवढं आपण समजतो तेवढं खरं नाही.

दुसरी गोष्ट ढगांची. ढग आले म्हणून पॅनेल बंद पडत नाही. ढगातून गाळून, सगळ्या आभाळातून पसरून जो उजेड खाली येतो, त्यावरही ते काम करतं, फक्त कमी. मामांच्या वहीत जुलैतले दिवस सहा-सात युनिटचे आहेत. एक-दोन दिवस अगदी दोन युनिटचेही, जेव्हा दुपारी बाराला वर्गात दिवे लावून तास झाले होते. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की धुतलेल्या आभाळातून आकडा पुन्हा वर. बारा महिन्यांची बेरीज चार हजार युनिटच्या जरा खाली आली.

जर्मनीचं उदाहरण इथं द्यायलाच पाहिजे, कारण सोलारची चेष्टा करणाऱ्यांना ते गप्प करतं. तो देश आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला, ४७ ते ५५ अक्षांशांत. तिथं एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाला नऊशे ते हजार युनिट देतं. मामांच्या गच्चीवर तेराशेच्या आसपास, तेही पावसाळा धरून. म्हणजे आमचा बदनाम पाऊससुद्धा वर्षाच्या हिशेबात जर्मनीला हरवतो. तरीही जर्मनीतली सोलारची एकूण क्षमता आता शंभर गिगावॉटच्या वर गेली आहे. ऊन कमी आणि सोलार जास्त, असं कसं? २००० साली तिथं कायदा झाला. छतावरची वीज ठरलेल्या दरानं वीस वर्षं घेतली जाईल अशी हमी लोकांना मिळाली. शिवाय तिकडं घरगुती वीज भलतीच महाग आहे, त्यामुळं स्वतः केलेलं प्रत्येक युनिट मोठी रक्कम वाचवतं. सोलार परवडतं की नाही याचं अर्धं उत्तर आभाळात असतं आणि अर्धं बिलावर.

मामांच्या बिलावर ते स्पष्ट दिसतं. दोन कुटुंबं एका घरात, दोन फ्रीज, पाण्याची मोटर, मामींचा केकचा ओव्हन. वापर महिन्याला तीनशेच्या वर, म्हणजे गृहज्योतीची मर्यादा कधीच ओलांडलेली, सगळं बिल भरायचं. युनिटला जवळपास सहा रुपये धरले तर वर्षाला बावीस-तेवीस हजार वाचतात. अनुदान वजा जाता घातलेले एक लाख बारा हजार पाच वर्षांत परत. मध्ये दहाएक वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च धरूनही सौदा चांगलाच आहे. दिवसा जास्त झालेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री तारेतूनच परत येते, आणि मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. ती वजाबाकी महिन्याला मिटवतात की वर्षाला, उरलेल्या युनिटला काय दर देतात, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, तेवढं सही करण्याआधी वाचावं. पण शहरात, स्लॅबच्या घरात, मोठं बिल येणाऱ्यानं पाऊस पडतो म्हणून मागं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेच गणित चाळीस किलोमीटर उचलून गावी नेलं की सांडतं. ऊन कमी आहे म्हणून सांडत नाही. वाचवायला बिलच नाही म्हणून सांडतं. साठ युनिट वापरणाऱ्या घरावर महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट करणारं यंत्र बसवायचं, तेही मंगळुरी कौलांवर! कौलांवर सांगाडा उभा करायचा तर खालचे वासे बघावे लागतात, कौलं काढून खिळे मारावे लागतात, आणि आमच्या पावसात कौलातून एक थेंब आत आला की पुढचे चार महिने तो थेंब घरातला माणूस होऊन राहतो. टॅबवरच्या चित्रात सगळी घरं स्लॅबची होती.

इथवरचा हिशेब मी बाबांना रविवारी सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बिलाचं ऱ्हाऊ दे. करंट गेल्यावर ते चालतंय की न्हाई?"

खरा प्रश्न हाच होता. त्या पोरालाही बाबांनी तो विचारला होता, आणि तो 'चोवीस तास सोलार' असं काहीतरी मोघम बोलून पुढं गेला होता. बाबा हे का विचारत होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आदल्या जुलैत, म्हाताऱ्या पावसात, रस्त्याकडेची दोन झाडं तारांवर पडली आणि चार दिवस करंट नव्हता. आजीला दमा आहे. पावसाळ्यात तिला दिवसातून दोन-तीन वेळा नेब्युलायझर लागतो, आणि तो करंटवर चालतो. दुसऱ्या रात्री तिचा श्वास लागला. बाबा आणि शेजारचे काका तिला घोंगड्यात गुंडाळून जीपनं खानापूरला घेऊन गेले. वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून अर्धा तास अलीकडंच थांबले. त्या अर्ध्या तासाबद्दल बाबा कधी बोलत नाहीत. आजी बोलते, पण ती सांगते ते जीपवाल्यानं गाणी लावली होती त्याबद्दल.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. हे उत्तर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. अनुदान मिळतं ते तारेला जोडलेल्या सोलारला. त्यात साधारणपणे बॅटरी नसते. बाहेरचा करंट गेला की त्याचा इन्व्हर्टर काही क्षणांत स्वतःला बंद करतो. वर लख्ख ऊन असलं तरी. आधी ऐकलं तेव्हा मला हा निव्वळ मूर्खपणा वाटला होता. पण तार तुटली की लाईनमन खांबावर चढतो, तार मेलेली आहे असं समजून तिला हात लावतो. त्याच वेळी एखाद्या घराच्या छतावरून त्या तारेत वीज येत राहिली तर? त्याचा जीव जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरला गप्प बसायला शिकवलेलं असतं. आमच्याकडचा लाईनमन पावसात खांबावर चढलेला मी पाहिलाय, त्यामुळं या नियमाबद्दल मला तक्रार नाही. बॅटरी जोडून करंट गेल्यावरही घर चालवणारी संकरित पद्धतही मिळते, पण मग किंमत बरीच वर जाते.

म्हणजे एक लाख दहा हजार घालून, बहिणीचं नर्सिंग पुढं ढकलून, ज्या रात्रीसाठी हे सगळं करायचं त्याच रात्री घरात अंधार. बाबा एवढंच म्हणाले, "मग काय उपेग?"

मग मी वहीचं मागचं पान उघडलं आणि उलटा हिशेब केला. छतावर किती मावेल हे सोडून दिलं, अंधाऱ्या रात्री नेमकं काय पाहिजे ते लिहिलं. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास: ९० वॉट-तास. तीन मोबाईल: ४५. नेब्युलायझर अंदाजे १२० वॉटचा, दहा-दहा मिनिटं तीनदा: ६०. बेरीज १९५ वॉट-तास, म्हणजे एका युनिटचा पाचवा हिस्सा! वाया जाणारी धरून ०.३ युनिट म्हणा. मी तीनदा पडताळून बघितलं, कारण ज्या गोष्टीसाठी आजीला खानापूरला न्यावं लागलं ती इतकी छोटी असेल हे खरं वाटत नव्हतं. दिवसाला बारा युनिटचं यंत्र विकायला आलेल्याला, आमची गरज पाव-अर्ध्या युनिटची आहे हे विचारावंसंही वाटलं नव्हतं.

असा विचार करणारी मी पहिली नव्हे. आपल्याच कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सेल्को सुरू केली ती अशाच छोट्या घरगुती सौर दिव्यांवर, आणि २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा पॅनेल आजच्यापेक्षा कितीतरी महाग होतं. लोकांनी ते बिल वाचवायला घेतलं नव्हतं, उजेडासाठी घेतलं होतं.

बेळगावातल्या दुकानदारानं १६५ वॉटचं एक पॅनेल आणि १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी पुरेल असं सांगितलं. वर्षाच्या सरासरीनं ते बरोबरच होतं. उन्हाळ्यात ते एक पॅनेल दिवसाला अर्ध्या युनिटच्या वर देतं. पण आम्हाला सरासरीची गरज नव्हती, जुलैची होती. मामांच्या वहीतला जुलै घेतला, गावचं आभाळ जास्त काळं म्हणून त्यातला आणखी तिसरा हिस्सा कापला, तर एका पॅनेलमागं रोज जेमतेम ०.२ युनिट येत होतं. म्हणून पॅनेल दोन घेतली. बॅटरी तीच ठेवली. कमी उन्हाच्या गावाला माझ्या मते हाच नियम लावावा: मोठी बॅटरी घेऊन ती उपाशी ठेवण्यापेक्षा एक पॅनेल जास्त घ्यावं. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, त्यामुळं १.८ युनिटच्या बॅटरीतून वापरायला मिळतं ते ०.९. उजेड अजिबात नसला तरी तीन दिवस निघतात. सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास गेलं. याला अनुदान नाही. बहिणीची पहिल्या वर्षाची फी उरलेल्या पैशांतून भरली.

पॅनेल घराच्या कौलांवर न चढवता गोठ्याच्या पत्र्यावर बसवली. तिथं फणसाची सावली दुपारनंतर येते. सोलारवाल्यानं फांदी तोडायला सांगितली, आजी म्हणाली, "सूर्य दिसंना, आणि त्याच्यासाठी माझा फणस तोडूलाय?" सावलीचं नुकसान दिसतं त्यापेक्षा मोठं असतं, एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच्याबरोबर ओळीत जोडलेल्या पॅनेलचाही प्रवाह अडतो. शेवटी पॅनेल पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली आणि फणस वाचला. पाऊस धूळ धुऊन टाकतो, पण खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते ओल्या फडक्यानं पुसायचं काम भावाकडं आहे. बॅटरीत पाणी घालायचं काम बाबांचं. ते ते म्हशीला पेंड घालावी तितक्या मनापासून करतात.

यंदाच्या जुलैत करंट दोनदा गेला, एकदा रात्रभर आणि एकदा पाच दिवस. आजीचं मशीन रोज चाललं. पाच दिवसांत सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे मोबाईल आमच्याकडं आले. कुणाला नाही म्हणायचं? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्व्हर्टर ओरडायला लागला. तेव्हा आम्हाला कळलं की काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी इन्व्हर्टर स्वतः पंधराएक वॉट खात बसतो. चोवीस तासांत तेच ०.३६ युनिट, म्हणजे आमच्या सगळ्या गरजेपेक्षा जास्त. त्या दिवसापासून काम झालं की बटण बंद. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ थोडं फिकट झालं, ऊन नव्हेच, पण अंगणातली वाळत घातलेली मिरची ओळखू येईल इतका उजेड, आणि त्यावर बॅटरी पुन्हा वर चढली.

आता गावातले दोघं-तिघं विचारायला येतात, आम्ही पण बसवू काय म्हणून. मी त्यांना आधी बिल आणायला सांगते. बिल मोठं असेल तर मामांचा पत्ता देते. बिल शून्य असेल तर विचारते, करंट गेल्यावर घरात नेमकं काय अडतं? बहुतेकजण थोडा वेळ गप्प बसतात आणि मग एखादीच वस्तू सांगतात. पिठाची गिरणीवाले काका म्हणाले, गिरणी. त्यांना मात्र सांगावं लागलं की पाच अश्वशक्तीची मोटर आमच्या पॅनेलवर चालायची नाही, त्यासाठी तारच दुरुस्त व्हायला पाहिजे, आणि तारेवरची झाडं मृगाच्या आधी छाटायचा अर्ज आम्ही पंचायतीत दिलाय. त्यावर काकांचीही सही घेतली.